हुनर हातात आहे, कागद कुठे आहे? बांधकाम क्षेत्रातली अप्रेंटिसशिप आणि आपली मुलं

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत दोन प्रकारची घरं दिसतात. एका घरात पेढे, कॉलेजचे फॉर्म आणि मेरिट लिस्टची चर्चा. दुसऱ्या घरात मार्क कमी पडलेला मुलगा गप्प बसलेला आणि मामूंचा किंवा चाचांचा निरोप आलेला, "घरी बसवून काय करता? माझ्यासोबत साइटवर पाठवा. काम शिकेल, चार पैसे आणेल."

या निरोपात प्रेम असतं आणि अनुभवही असतो. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मिरज, सोलापूर, औरंगाबाद, रत्नागिरी, कुठेही बघा. वायरिंग करणारे, प्लंबर, टाइल्सचे मिस्त्री, सुतार, वेल्डर, फॅब्रिकेशनवाले, रंगारी, एसी बसवणारे असे कितीतरी लोक आपल्या घरांतून येतात. हाताचं काम आपल्याला नवीन नाही. पण वीस-वीस वर्षं काम केलेला आपला मिस्त्री अजूनही ठेकेदाराच्या वहीत एक नाव आणि समोर हजेरीच्या खुणा, एवढाच असतो. काम किती येतं हे त्याच्या हाताला माहीत, पण बँकेला, सरकारी टेंडरला, मोठ्या कंपनीला किंवा परदेशातल्या मालकाला दाखवायला त्याच्याकडे कागद नसतो.

मुलगा साइटवर जाणारच असेल, तर तो बिगारी म्हणून जाणार की नोंदणी झालेला अप्रेंटिस म्हणून, हा फरक फार मोठा आहे. तोच फरक आज आम्ही सविस्तर सांगणार आहोत. फायदे सांगू आणि पहिल्या वर्षी खिशाला बसणारी झळही लपवणार नाही.

अप्रेंटिसशिप म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे उस्ताद-शागिर्दाची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. शागिर्द आधी झाडू मारायचा, हत्यारं द्यायचा, मग हळूहळू रंधा किंवा थापी त्याच्या हातात यायची. या पद्धतीने आपल्याला उत्तम कारागीर दिले. पण तिच्यात तीन गोष्टी कधी ठरलेल्या नसत. किती दिवसांत शिकवणार, तोवर किती पैसे देणार आणि शिकून झाल्यावर हातात काय देणार. सगळं उस्तादाच्या मर्जीवर.

अप्रेंटिसशिपमध्ये याच तीन गोष्टी कायद्याने ठरतात. यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे आणि २०१४ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, प्रशिक्षणाची मुदत ठरते, दर महिन्याला विद्यावेतन म्हणजे स्टायपेंड मिळतो आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळतं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या करारावर पालकाची सही लागते.

ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात, तिला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के एवढे अप्रेंटिस तिने घ्यायचे असतात आणि या मोजणीत ठेकेदाराकडची माणसंही येतात. ४ ते २९ माणसं असलेल्या लहान आस्थापनांना हवं तर त्या घेऊ शकतात. म्हणजे मोठा बिल्डर किंवा रस्ते-पूल बांधणारी कंपनी आपल्या मुलाला घेते तेव्हा ती मेहरबानी करत नसते. ती जागा कायद्यानेच ठेवलेली असते. अर्ज करताना मान खाली घालायचं कारण नाही.

पैसे किती मिळतात?

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे. २०१९ मध्ये नियमांत झालेल्या बदलानुसार महिन्याचा किमान स्टायपेंड असा ठरला. पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्यांना ५,००० रुपये, दहावी पास असल्यास ६,०००, बारावी पास किंवा आयटीआय पास असल्यास ७,०००, डिप्लोमा असल्यास ८,००० आणि पदवी असल्यास ९,०००. मुदत एक वर्षापेक्षा जास्त असेल तर पुढच्या वर्षांत वाढ मिळते. हे किमान दर आहेत, कंपनी जास्तही देऊ शकते. असे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना पोर्टलवरचा चालू दर जरूर पाहा.

केंद्र सरकारची राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना २०१६ पासून आहे. तिच्यात स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं आणि तो थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होतो. त्यासाठी खातं आधारशी जोडलेलं असायला हवं. अर्ज भरण्याआधी हे काम उरकून घ्या. नाहीतर पैसे अडकतात आणि मुलाचा धीर सुटतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अप्रेंटिसला "जेवढं काम तेवढे पैसे" या हिशेबावर ठेवता येत नाही. अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइमही करून घेता येत नाही. तो शिकायला आलेला आहे, हे कायदा धरून चालतो.

पहिल्या वर्षाचा तोटा, खरा हिशेब

आता न आवडणारी बाजू. समजा तुमच्या गावात बिगाऱ्याला दिवसाला ५०० रुपये मिळतात आणि महिन्याला २२ दिवस काम लागतं. म्हणजे ११,००० रुपये झाले. आयटीआय करून आलेल्या अप्रेंटिसला ७,००० मिळाले, तर महिन्याला ४,००० रुपये कमी आणि वर्षाला ४८,००० कमी. शिवाय आयटीआयची एक-दोन वर्षं कमाई नाही, ती वेगळीच. ज्या घरात अब्बा आजारी आहेत किंवा बहिणीचं लग्न तोंडावर आहे, त्या घराला ही रक्कम लहान नाही. "थोडं सहन करा" असं म्हणणं सोपं असतं, सहन करणाऱ्यालाच त्याची किंमत कळते.

पण दुसरी बाजूही मांडून बघा. बिगाऱ्याची हजेरी पावसाळ्यात तुटते. नाक्यावर उभं राहून काम मिळालं नाही तर तो दिवस कोरा. ठेकेदाराने उचल दिली की त्याच्याकडेच अडकायचं. पाच वर्षांनी मजुरी वाढते, पण ती सगळ्यांचीच वाढलेली असते, आपल्या मुलाची वेगळी अशी वाढत नाही. मिस्त्री त्याला प्लास्टर शिकवेल तेव्हा शिकवेल. बरेचदा शिकवतही नाही, कारण शागिर्द तयार झाला की मिस्त्रीचाच धंदा वाटून जातो.

अप्रेंटिसची मुदत मात्र ठरलेली असते. आयटीआय करून आलेल्या मुलाला साधारण एक वर्ष, थेट शाळेतून आलेल्याला ट्रेडप्रमाणे जास्त. मुदत संपली की तो परीक्षेला बसतो आणि कारागीर म्हणून बाहेर पडतो. त्याची पुढची तीस-चाळीस वर्षांची कमाई या एक-दोन वर्षांवर उभी राहते.

इंजिनीअरिंगच्या खासगी कॉलेजशीही तुलना करून बघा. लाखोंची फी, त्यासाठी व्याजाचं कर्ज आणि ते व्याज भरताना मनाला लागलेली टोचणी, हे आपल्यातल्या अनेक घरांनी अनुभवलं आहे. सरकारी आयटीआयची फी त्या मानाने फारच कमी असते आणि अप्रेंटिसशिपमध्ये तर शिकताना पैसे मिळतात. कर्ज न काढता मिळणारं शिक्षण, ही आपल्या घरांसाठी लहान गोष्ट नाही.

कोणते ट्रेड, किती शिक्षण?

बांधकाम म्हटलं की लोकांना विटा आणि घमेलं एवढंच आठवतं. प्रत्यक्षात एक इमारत उभी राहायला कितीतरी वेगवेगळे हुनर लागतात. गवंडीकाम, सेंटरिंग, सळया वाकवणं आणि बांधणं, सुतारकाम, वेल्डिंग, प्लंबिंग, वायरिंग, रंगकाम, टाइल्स, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, फॉल सीलिंग, मोजणी, नकाशे काढणं.

आयटीआयमध्ये यांतले बरेच ट्रेड शिकवले जातात. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा असून त्याला विज्ञान आणि गणित घेऊन दहावी पास असावं लागतं. वायरमन दोन वर्षांचा. वेल्डर आणि सुतारकाम एक-एक वर्षाचे. वायरमन, वेल्डर, सुतारकाम यांसारख्या काही ट्रेडना आठवी पास मुलगाही चालतो. दहावीत नापास झालो म्हणजे सगळं संपलं, असं समजून बसलेल्या मुलाला ही एक ओळ सांगा. त्याच्या चेहऱ्यावर फरक दिसेल.

मुलींच्या पालकांनाही आमचं सांगणं आहे. ड्राफ्ट्समन सिव्हिल म्हणजे इमारतीचे नकाशे काढणं, सर्व्हेअर म्हणजे जागेची मोजणी, इंटिरिअर डिझाइन आणि सजावट, हेही बांधकामाशी जोडलेलेच ट्रेड आहेत. यांतलं बरंचसं काम ऑफिसात, कॉम्प्युटरवर होतं. आपल्या मुली दहावी-बारावीला चांगले मार्क आणतात आणि मग घरी बसतात. त्यांच्यासाठी हे दरवाजे उघडे आहेत.

शिक्षण इथे संपत नाही

"आयटीआय केलं की पुढचं शिक्षण बंद," हा समज चुकीचा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्या मुलाला महाराष्ट्रात पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता असतो. म्हणजे दहावीला मागे पडलेला मुलगा वळसा घालून इंजिनीअर होऊ शकतो, तोही हाताला काम घेऊन. आठवीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून भाषेचा पेपर देऊन दहावीची समकक्षता मिळवायचीही सोय आहे.

आपल्या समाजात तांत्रिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ ची. भायखळ्याच्या साबू सिद्दीक संस्थेत स्वातंत्र्याआधीपासून मुलांना तांत्रिक काम शिकवलं गेलं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही हा मुद्दा मांडला होता. मुसलमान कामगार मोठ्या संख्येने असंघटित कामांत आणि स्वतःच्या लहान धंद्यात आहेत. आयटीआय आणि पॉलिटेक्निकची प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणावी आणि मदरशांत शिकलेल्या मुलांनाही कौशल्य शिकायची संधी मिळावी, असं त्या अहवालात सुचवलं होतं. अहवाल वाचून दुःख करणारे आपल्यात खूप आहेत. त्यातून घराला काय घेता येईल हे पाहणारे वाढायला हवेत.

प्रमाणपत्राचा उपयोग कुठे होतो?

अप्रेंटिसशिपच्या शेवटी परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. ते देशभर चालतं. त्याची गरज कुठे पडते ते बघू.

पहिली गोष्ट परवान्याची. विजेचं काम कायद्याने परवानाधारक माणसानेच करायचं असतं. वायरमन, सुपरवायझर किंवा विद्युत ठेकेदार म्हणून परवाना काढायला शिक्षण आणि अनुभवाचे कागद लागतात. मुंबईसारख्या महापालिकेत प्लंबरलाही परवाना असतो. आज आपला बिनपरवान्याचा मिस्त्री काम करतो आणि सही दुसऱ्याची असते. सहीचे पैसेही दुसराच घेतो. परवाना आपल्या मुलाच्या नावावर आला की सही त्याची आणि कामही त्याचं.

दुसरी गोष्ट नोकरीची. महावितरण, रेल्वे यांच्यासारख्या मोठ्या सरकारी आस्थापना दरवर्षी इलेक्ट्रिशियन, वायरमन, वेल्डर, फिटर अशा ट्रेडचे अप्रेंटिस घेतात. अप्रेंटिसला कायम नोकरी द्यायलाच हवी असं बंधन मालकावर नाही, हे आधीच समजून घ्या. पण पुढे भरती निघते तेव्हा हे प्रमाणपत्र आणि तो अनुभव कामाला येतो.

तिसरी गोष्ट परदेशाची. कोकणातल्या आपल्या कुटुंबांना आखाताचा रस्ता नवा नाही. पण तिथले नियम बदलले आहेत. सौदी अरेबियाने इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी टेक्निशियन अशा कामांसाठी व्हिसाआधी कौशल्य चाचणी सुरू केली आहे. "येतं मला काम" असं म्हणून भागत नाही, करून दाखवावं लागतं. शिवाय दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो आणि सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन अशा देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. पद्धतशीर शिकलेला, दहावी पास मुलगा या सगळ्यात पुढे असतो. एजंटला त्याला सहज फसवताही येत नाही.

चौथी गोष्ट आपल्या मनात असते, पण आपण ती मोकळेपणाने बोलत नाही. "नाव बघूनच नकार देतात, कागद असून काय होणार?" असा प्रश्न अनेक तरुण विचारतात. प्रमाणपत्राने भेदभाव नाहीसा होतो असं आम्ही म्हणणार नाही. पण जिथे निवड मेरिटच्या यादीवर होते तिथे कागद नसलेला मुलगा यादीतच येत नाही. आणि ज्याच्याकडे हुनर आणि परवाना दोन्ही आहे, त्याला एका दाराने नकार दिला तर तो स्वतःचं दार उघडू शकतो. छोटी फर्म काढू शकतो, दोन मुलांना कामाला लावू शकतो.

सुरक्षितता, हा विषय हलका नाही

साइटवरचे अपघात आपण सगळे ऐकतो. कुणी परातीवरून पडलं, कुणाला शॉक लागला. बिगारी पडला की ठेकेदार हात वर करतो. "आमच्याकडे कामाला नव्हताच," असं सांगितलं जातं आणि घरच्यांकडे पुरावा नसतो. अप्रेंटिसचा करार नोंदलेला असतो. प्रशिक्षणाच्या कामात इजा झाली तर नुकसानभरपाईची तरतूद शिकाऊ उमेदवार कायद्यातच आहे. अल्लाह न करो, वेळ आलीच तर हा कागद घराला आधार देतो.

कायद्याने अप्रेंटिसचं किमान वय १४ आहे, पण धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडसाठी ते १८ आहे. आमचं स्पष्ट मत आहे की अठरा पूर्ण होईपर्यंत मुलाला उंचीवर, सेंटरिंगवर किंवा चालू विजेच्या कामावर पाठवू नये. ती दोन वर्षं आयटीआयला द्यावीत. मुलगा अठराचा होईल तेव्हा हातात ट्रेडही असेल.

हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, बूट याला आपल्याकडे काही जण भित्रेपणा समजतात. शिकलेला कारागीर आधी बेल्ट लावतो, मग वर चढतो. रमजानमध्ये रोजा असताना उन्हात आणि उंचीवरच्या कामाबद्दल सुपरवायझरशी आधीच बोलून घ्यावं. जुम्याच्या नमाजच्या वेळेबद्दलही सुरुवातीलाच नम्रपणे विचारावं. रोजच्या जेवणाच्या सुट्टीत थोडी मागेपुढे सोय करणारे अनेक लोक भेटतात. न विचारता गायब झालं की मात्र नाव खराब होतं, एकाचं नाही, पुढच्या सगळ्या मुलांचं.

अर्ज कसा करायचा?

आधी मुलाशी बोला. त्याला वायरिंगची आवड आहे का, लाकडाची आहे का, की नकाशाची. "चाचा प्लंबर आहेत म्हणून तूही प्लंबर" हे कारण पुरेसं नाही, पण चाचा घरात असणं हा फायदा नक्की आहे. सुट्टीत चार दिवस त्यांच्यासोबत जाऊन काम पाहू द्या.

मग जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जा. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडून ऑनलाइन होतात आणि दहावीच्या निकालानंतर प्रक्रिया सुरू होते. तारखा चुकवू नका. दाखले, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक खातं यांची फाइल निकालाआधीच तयार ठेवा. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात, पण दाखला वेळेवर काढलेला नसतो आणि हक्काची जागा जाते.

अप्रेंटिसशिपसाठी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर मुलाची नोंदणी करायची. तिथे जिल्हा आणि ट्रेड निवडून कंपन्यांच्या जागा दिसतात आणि अर्जही तिथूनच होतो. ऑनलाइन जमत नसेल तर जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये बीटीआरआय नावाचं केंद्र असतं. अप्रेंटिसशिपचं काम तेच पाहतं. तिथे जाऊन विचारा. कंपनीबद्दल तक्रार असली तरी पहिली पायरी तीच.

खासगी प्रशिक्षणाचेही काही चांगले पर्याय आहेत. लार्सन अँड टुब्रो ही कंपनी पनवेलला बांधकाम कौशल्याची प्रशिक्षण संस्था चालवते. सेंटरिंग, सळयांचं काम, गवंडीकाम असे ट्रेड तिथे शिकवले जातात.

फसू नका

आयटीआय किंवा अप्रेंटिसशिपमध्ये "आत लावून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. पोर्टलवर नोंदणीला पैसे लागत नाहीत.

कंपनीत रुजू झाल्यावर पोर्टलवर करार झाला का, त्याचा क्रमांक मिळाला का, हे पहिल्या महिन्यातच तपासा. "आधी काम कर, कागद नंतर करू" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. असं काम कितीही महिने केलं तरी ते अप्रेंटिसशिपमध्ये मोजलं जात नाही.

मुलाने रोज काय शिकलं ते एका वहीत लिहून ठेवावं. आज ओळंबा लावायला शिकलो, आज अर्थिंग केलं, आज पाइपला प्रेशर देऊन गळती तपासली. महिनाभर नुसता चहा आणि सामानाची ने-आण एवढंच होत असेल, तर वही दाखवून आधी सुपरवायझरशी आणि मग बीटीआरआय केंद्रात बोला.

आणि मध्येच सोडून येऊ नका. मालकाने करार मोडला तर उमेदवाराला भरपाई मागता येते, तसंच उमेदवाराने कारण नसताना सोडलं तर खर्चाची जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते. अडचण असेल तर लेखी कळवून, रीतसर बाहेर पडावं.

घरातल्या मोठ्यांचं काय?

हे वाचताना एखादे अब्बा किंवा मामू म्हणतील, "मुलांचं ठीक आहे, आमची उमर गेली." तसं नाही. आधीच काम येणाऱ्या माणसाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे. तिला पूर्वकौशल्याची मान्यता म्हणतात. वीस वर्षांच्या मिस्त्रीला पुन्हा वर्गात बसायची गरज नाही, थोडक्या दिवसांत त्याचा हुनर कागदावर येऊ शकतो.

दुसरं काम याहून सोपं आहे आणि तरी ते राहून जातं. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला, ही अट आहे. नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी मंडळाकडून आर्थिक मदत मिळते, आजारपण आणि अपघातासाठीही योजना आहेत. अब्बांची नोंदणी झाली तर मुलाच्या शिक्षणाचा काही भार तिथून हलका होऊ शकतो.

जमातीने काय करावं?

पहिल्या वर्षाचा तो ४८,००० रुपयांचा हिशेब आठवा. हुशार मुलगा आयटीआय सोडून बिगारी होतो तो बहुतेक वेळा एवढ्याच रकमेपायी. आपल्या मोहल्ल्यांत बैतुलमाल आहेत, जमाती आहेत, ट्रस्ट आहेत. जकातीच्या हक्कदार घरातल्या मुलाची फी, येण्या-जाण्याचा पास आणि हत्यारांची पेटी एवढी सोय झाली, तर तो मुलगा टिकतो. दोन-तीन वर्षांत ते घर स्वतःच्या पायावर उभं राहतं. इन्शाअल्लाह, जकात घेणारं घर उद्या जकात देणारं होतं. दरवर्षी त्याच घराला तेवढंच रेशन देत राहण्यापेक्षा यात बरकत जास्त आहे.

मशिदीच्या फलकावर आयटीआय प्रवेशाची तारीख लावायला काही खर्च येत नाही. जुम्याला दोन मिनिटांचं एलान करता येतं. मोहल्ल्यातल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनला किंवा कंपनीत सुपरवायझर असलेल्या भावाला एका रविवारी मुलांसमोर बोलवता येतं. आपल्या लहान ठेकेदारांनीही एक विचार करावा. तुमच्याकडे चार किंवा जास्त माणसं असतील तर तुम्हीही रीतसर अप्रेंटिस घेऊ शकता आणि सरकारच्या स्टायपेंडच्या वाट्याचा लाभ मुलाला मिळवून देऊ शकता. तुम्हाला शिकवणारा उस्ताद जे देऊ शकला नाही, ते तुम्ही तुमच्या शागिर्दाला द्या.

शेवटी मनातल्या संकोचाबद्दल. "लोक काय म्हणतील, मुलगा मिस्त्री झाला?" लग्नाच्या बोलणीतही हा प्रश्न निघतो. हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हाताने चिलखत घडवत, हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करत. हाताच्या मेहनतीची हलाल कमाई आपल्याकडे कधीच कमी दर्जाची मानली गेलेली नाही. आपण तिला कमी मानायला लागलो, ही अलीकडची सवय आहे आणि ती सोडता येते.

तुमच्या घरात यंदा आठवी, दहावी किंवा बारावी झालेलं मूल असेल तर या आठवड्यात एवढं करा. त्याला घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये जा, ट्रेडची यादी घ्या आणि बीटीआरआय केंद्र कुठे आहे ते विचारून या. तुमच्याकडे गरज नसेल तर हा लेख शेजारच्या त्या घरात वाचून दाखवा, जिथे यंदा पेढे वाटले गेले नाहीत.